छातीएवढं पाणी

दीक्षेच्या दुसऱ्या वर्षी, वैशाखात,
मी मायला सदरच्या टॉकीजमध्ये नेलं.
इंग्रजी सिनेमा. पुढचा बाक, जिथून मान मोडते.
मी आधीच तीनदा पाहून आले होते,
कॉलेज बुडवून, एकटी.

पुनाबाई गजभिये, रीलिंग खातं, एम्प्रेस मिल.
शिफ्टवरून थेट आलेली,
केसांत कापसाचे तंतू तसेच.
"मले काय समजते त्यातलं?"
म्हटलं, समजायचं काय, तिची हनुवटी पाहा.

काय हनुवटी होती!
बाप म्हणतो बस, तर ती उभी राहते.
पाद्री समोर आला तरी घोड्यावरून उतरत नाही.
घेराचा झगा दारात मावेना,
तर दार मोठं करा म्हणते.
आमच्या घरी आरसा तळहाताएवढा,
त्यात हनुवटीच तेवढी मावायची.
तेवढीच मी शिकले.

तिच्यामागे पडदाभर कापूस होता.
तीनदा पाहून मला तो दिसला नव्हता.
माय म्हणाली, "फुटला. वेचाले आला."
आणि जरा वेळानं,
"झाडं उंच हायेत तिकडची,
तरी बाया वाकूनच हायेत."

मास्तरांनी शिकवलं होतं,
तिकडं ती लढाई पेटली तेव्हा
इकडच्या बोंडाला चांदीचा भाव आला,
मग रूळ आले, मग मिल.
म्हणजे तिचं घर जळालं
आणि माझ्या मायचा भोंगा वाजला.
हे मी तिला सांगितलं नाही.
पुढचा सीन चुकला असता.

पुढच्या सीनमध्ये ती अंगठी नदीत फेकते.
शिट्ट्या. मीसुद्धा बाक बडवला.
सकाळी तिला पस्तावा होतो.
ती काठावर उभी, छत्री घेऊन,
आणि तिची काळी मोलकरीण,
जिला सिनेमाभर कुणी नावानं हाक मारत नाही,
पाण्यात उतरते.
घोटा. गुडघा. छाती.
मग पडद्यावर पुन्हा ती हनुवटी, थरथरती,
डोळ्यात एकच थेंब, खूप व्हायोलिनं,
मग बंगला, मेणबत्त्या, दुसरा नवरदेव.

माय उभी राहिली.
"अवं, थे पान्यात गेली थे?
थे बाई बाहीर आली का?"

मागून कुणी ओरडलं, बैठ जा बाई.
बॅटरीवाला आला.
उजेड तिच्या केसांवर पडला, तंतू चमकले.
मी पदर ओढला, लाजून मेले,
अगं, सिनेमा आहे.
बसली. पण शेवटी सगळी टॉकीज रडली
तेव्हा ती पडद्याचा कोपरा पाहत होती,
जिथं नदी होती.
कडबी चौकापर्यंत पायी आलो.
बोलली नाही.

दोन वर्षांनी कामठीचं स्थळ.
मुलगा रेल्वेत, मावशीनं जमवलेलं, कुंकू लागलेलं.
मी अंगठी काढून आपटली.
गडगडत चुलीमागं गेली.
मावशीनं ऊर बडवला,
काका बोलू नये ते बोलला,
आणि धाकटी सिंधू, नऊ वर्षांची,
शोधायला वाकली.
मायनं तिचं मनगट धरलं.
माझ्याकडं न पाहता म्हणाली,
"फेकाची तर फेक, माय.
पन काढाले कोनाले धाडू नोको."

राख कोपरापर्यंत आली.
ती धुतली, पुसली, रुमालात बांधली
आणि कामठीच्या मोटारीत बसून
मीच परत देऊन आले.
त्याच्या आईनं पाणी विचारलं. मी प्यायले.

आता नातू मोबाइलवर काहीही काढून देतो.
परवा तोच सिनेमा.
बोटाएवढी नदी,
त्यात तांदळाएवढी ती.
"पुढं नेऊ, आजी?"
मागं ने, म्हटलं.

त्यानं बोट उलटं सरकवलं.
छाती. गुडघा. घोटा.
पाय मागं टाकत टाकत
ती काठावर आली.
झगा कोरडा होता.

पुन्हा, म्हटलं.